शाश्वत जगणं शिकण्यासाठी परदेशी अभ्यासदौरा : आखणीपासून नोंदवहीपर्यंत

पहिला अभ्यासदौरा आखला तेव्हा आम्ही नऊ दिवसांत सात शहरं बसवली होती. पवनचक्क्या, सौर वसाहत, कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प, सायकलींचा पूल, सगळं यादीत होतं आणि सगळं पाहूनही झालं. परतल्यावर विद्यार्थ्यांच्या नोंदवह्या वाचायला घेतल्या आणि मन खट्टू झालं. सगळ्या वह्यांत तेच आकडे, जवळजवळ त्याच शब्दांत. त्या शहरातला माणूस हिवाळ्यात घर कसं उबदार ठेवतो, ओला कचरा कुठे टाकतो, पवनचक्की बंद पडली तर दुरुस्तीचे पैसे कोण भरतं, हे एकालाही सांगता येईना.

पुढच्या दौऱ्यात ठिकाणं कमी केली, मुक्काम वाढवला आणि प्रत्येक तुकडीच्या हातात एक छोटा वजनकाटा दिला. नोंदवह्या बदलल्या. शाश्वत जगणं रोजच्या कामांत असतं : भांडी घासताना, रिकामी बाटली परत करताना, पावसात सायकल काढताना. दौरा त्या कामांपर्यंत पोचला तरच हजारो किलोमीटरचा प्रवास सार्थकी लागतो. हा लेख असा दौरा आखणाऱ्या शिक्षकांसाठी आणि पुढाकार घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. उदाहरणं मुख्यतः डेन्मार्क आणि जर्मनीची घेतली आहेत. देश दुसरा असला तरी पद्धत हीच राहील.

पायरी १ : आधी प्रश्न, मग देश

बहुतेक गट उलट करतात. आधी देश ठरतो, मग तिकिटं, आणि शेवटी कुणीतरी विचारतं, ‘तिथे नेमकं काय बघायचं?’ त्यातून पर्यटनाची सहल तयार होते आणि तिला अभ्यासदौऱ्याचं नाव मिळतं.

प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर इंटरनेटवर बसून पूर्ण मिळणार नाही. ‘शाश्वत विकास म्हणजे काय?’ यासाठी विमान पकडायची गरज नाही. ‘एका बेटावरच्या लोकांनी पवनचक्क्यांना विरोध करण्याऐवजी त्यात स्वतःचे पैसे का घातले?’ हा मात्र तिथे जाऊन, माणसांसमोर बसून विचारण्याचा प्रश्न आहे.

हे बेट म्हणजे डेन्मार्कमधलं साम्सो. चार हजारांहून कमी वस्ती. १९९७ मध्ये डेन्मार्क सरकारने एक स्पर्धा घेतली : दहा वर्षांत पूर्णपणे अपारंपरिक ऊर्जेवर जाण्याचा आराखडा द्या. साम्सोने ती जिंकली. जमिनीवर प्रत्येकी १ मेगावॅटच्या ११ आणि समुद्रात प्रत्येकी २.३ मेगावॅटच्या १० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. यातल्या काहींचे मालक शेतकरी आहेत, काहींचे छोटे भागधारक, आणि समुद्रातल्या काही स्थानिक नगरपालिकेच्या. घरं तापवण्यासाठी गव्हाचं काड आणि लाकडाचे तुकडे जाळणारी केंद्रं आहेत. एका ठिकाणी पाणी तापवून ते जमिनीखालच्या नळांतून घरोघर फिरवलं जातं. इथे शिकण्यासारखी गोष्ट यंत्रापेक्षा मालकीची आहे. ज्याचा हिस्सा आहे, त्याला पात्याचा आवाज कमी त्रास देतो, असं बेटावरचे लोक स्वतःच सांगतात.

वाहतुकीबद्दल प्रश्न असेल तर जर्मनीतल्या फ्रायबुर्गची वोबान वसाहत घ्या. १९९२ मध्ये फ्रेंच सैन्य निघून गेलं आणि त्यांच्या छावणीच्या जागेवर साडेपाच हजारांच्या आसपास लोकांची वस्ती वसली. इथल्या बऱ्याच गल्ल्यांमध्ये घरासमोर गाडी उभी करता येत नाही. गाडी ठेवायचीच असेल तर वसाहतीच्या कडेला असलेल्या बहुमजली वाहनतळात जागा विकत घ्यावी लागते, आणि ती स्वस्त नसते. गाडी नसलेल्यांना तसं लिहून द्यावं लागतं. २००६ पासून ट्राम थेट वसाहतीत येते. म्हणजे एका हाताने सोय काढून घेतली आणि दुसऱ्या हाताने दिली. या दोन्ही हातांचा अभ्यास करायचा.

कचऱ्याबद्दल प्रश्न असेल तर जपानच्या शिकोकू बेटावरचं कामिकात्सु. दीड हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव आपला कचरा चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करतं. पाण्याबद्दल असेल तर सिंगापूर. तिथे सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची योजना २००३ पासून चालू आहे. वीज आणि वाहतूक यांतली दरी समजून घ्यायची असेल तर कोस्टा रिका : वीज जवळजवळ सगळी पाणी, वारा आणि भूगर्भातल्या उष्णतेची, पण रस्त्यावरच्या गाड्या मात्र पेट्रोल-डिझेलच्या.

एका दौऱ्याला एक मुख्य प्रश्न पुरे. फार तर त्याचे तीन उपप्रश्न करा आणि प्रत्येक तुकडीला एकेक वाटून द्या. चार-पाच जणांची तुकडी सोयीची. त्याहून मोठ्या तुकडीत दोघं काम करतात आणि बाकीचे बघत राहतात.

पायरी २ : ठिकाणं कमी, मुक्काम लांब

चौदा दिवस असतील तर दोन ठिकाणं, फार तर तीन. माझी आवडती आखणी अशी : कोपनहेगनमध्ये पाच दिवस, साम्सोवर चार, फ्रायबुर्गमध्ये चार, आणि एक दिवस पूर्णपणे रेल्वेच्या प्रवासाला. कोपनहेगनहून हांबुर्गला थेट गाड्या आहेत आणि हांबुर्गहून फ्रायबुर्गलाही थेट वेगवान गाडी मिळते. हा प्रवास दिवसभराचा आहे, म्हणून अनेक जण विमान सुचवतात. सुचवू द्या. त्या दिवशी विद्यार्थी नोंदी लिहितात, झोप पूर्ण करतात आणि खिडकीतून उत्तर जर्मनीतल्या पवनचक्क्या मोजतात. साम्सोला जायला शीलंड बेटावरच्या कालुनबोर बंदरातून किंवा युटलंडच्या किनाऱ्यावरच्या हौ या गावातून फेरीबोट मिळते. गट मोठा असेल तर बोटीची आणि रेल्वेची आसनं आधीच राखून ठेवा.

ऋतूचा विचार फार थोडे जण करतात. डेन्मार्कमध्ये जुलैमध्ये सुट्ट्यांचा मोसम असतो. वर्षाच्या २८ ते ३० या आठवड्यांत अर्धा देश रजेवर असतो आणि भेटायला माणूस मिळत नाही. घरं तापवण्याची व्यवस्था हा विषय असेल तर उन्हाळा व्यर्थच, कारण तेव्हा केंद्रं जेमतेम अंघोळीच्या पाण्यापुरती चालतात. उलट डिसेंबरमध्ये कोपनहेगनला दिवसाचा उजेड सात तासांच्या आसपास मिळतो, म्हणजे बाहेरच्या पाहणीला वेळच उरत नाही. एप्रिल किंवा ऑक्टोबर बरा : थंडी पुरेशी, उजेडही पुरेसा, शाळा-कचेऱ्या चालू.

पायरी ३ : विमानाचा हिशेब लपवू नका

शाश्वत जीवनशैली शिकायला विमानाने जाणं यात विसंगती आहे, आणि हुशार विद्यार्थी ती पहिल्याच बैठकीत बोलून दाखवतात. त्यांना गप्प करू नका. हाच दौऱ्याचा पहिला धडा करा.

एका बाजूचं अंतर सहा-साडेसहा हजार किलोमीटर असेल तर जाऊन-येऊन, साध्या वर्गात बसलेल्या एका प्रवाशामागे सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइड धरावा. उंचावर सुटणाऱ्या धुराचे आणि बाष्पाचे इतर परिणाम याच्या वर आहेत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं गणनयंत्र इंटरनेटवर मोफत आहे. त्यात आपला मार्ग टाकून विद्यार्थ्यांनाच आकडा काढू द्या. मग फळ्यावर दोन आकडे शेजारी शेजारी लिहा : दौऱ्याचा एकूण कार्बन, आणि गटातल्या प्रत्येकाच्या घरी वर्षभरात विजेवर होणारा कार्बन. वर्गात शांतता पसरते.

त्यानंतरचे निर्णय सोपे होतात. शक्य तितक्या कमी थांब्यांचं विमान, कारण उड्डाणाच्या वेळी इंधन जास्त जळतं. खंडात उतरल्यावर सगळा प्रवास रेल्वे, बस, बोट आणि सायकलीने. दरवर्षी छोटा दौरा काढण्यापेक्षा दोन-तीन वर्षांतून एकदा लांब मुक्कामाचा. आणि एक प्रामाणिक पर्याय कायम समोर ठेवा : जो प्रश्न जवळपास सुटतो, त्यासाठी लांब जायचं नाही. झाडं लावून कार्बन ‘फेडला’ असं मात्र अहवालात लिहू देऊ नका. रोप मोठं व्हायला दशकं लागतात, आणि विमानाचा धूर आजच सुटलेला असतो.

पायरी ४ : कागदपत्रं, नऊ महिने आधीपासून

डेन्मार्क आणि जर्मनी दोन्ही शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहेत, त्यामुळे ज्यांना व्हिसा लागतो त्यांना एकच अल्पमुदतीचा व्हिसा पुरतो. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम त्याच्याकडे अर्ज. मुक्काम सारखे असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. गटाने तीन महिने आधीच अर्ज करून मोकळं व्हावं. भेटीची वेळ मिळणं हीच खरी अडचण असते, आणि वीस जणांना एका दिवशी वेळ मिळेल असं समजू नका.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा, संपूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा. सायकल चालवताना झालेली दुखापत त्यात धरली आहे का, हे लेखी विचारून घ्या. आमच्या एका दौऱ्यात एका विमा कंपनीने हेच कलम पुढे करून खर्च नाकारला होता, आणि तो आम्हाला वर्गणी काढून भरावा लागला.

पुष्कळांना माहीत नसलेली एक गोष्ट : शेंगेन व्हिसाच्या नियमांनुसार अभ्यासासाठी किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना व्हिसा शुल्क माफ आहे. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं असतं, ते भरावं लागतं. माफी मिळवायला संस्थेचं पत्र नेमकं लागतं : दौऱ्याचा शैक्षणिक हेतू, तारखा, कोणत्या संस्थेला कधी भेट, सोबतच्या शिक्षकांची नावं आणि खर्च कोण करणार. ‘शैक्षणिक सहल’ असं मोघम लिहिलं तर अर्ज पर्यटनाच्या खात्यात जातो.

अठरा वर्षांखालच्या विद्यार्थ्यांसाठी दोन्ही पालकांचं संमतीपत्र लागतं. त्याच्या दोन प्रती शिक्षकांनी जवळ ठेवाव्यात, सीमेवर विचारलं जाऊ शकतं. औषधं चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत.

पायरी ५ : यजमानांना पत्र

‘आम्ही वीस विद्यार्थी येत आहोत, आपला प्रकल्प दाखवावा’ असं पत्र गेलं की ठरलेली फेरी मिळते : चित्रफीत, टोपी, गच्चीवरून फोटो. मागायचं ते नेमकं मागा. ‘पवनचक्कीत हिस्सा असलेल्या दोन कुटुंबांशी अर्धा तास बोलता येईल का?’ ‘कचरा वेगळा करणाऱ्या केंद्रात सकाळी दोन तास हाताने काम करू द्याल का?’ ‘प्रकल्पाला विरोध करणारं कुणी भेटेल का?’ शेवटचा प्रश्न वाचून काही यजमान उत्तरच देत नाहीत. पण जे देतात, त्यांच्याकडची भेट दौऱ्यातली सर्वांत चांगली ठरते.

साम्सोवर २००७ पासून ऊर्जा अकादमी आहे. बाहेरून येणाऱ्या गटांसाठी तिथे कार्यक्रम होतात, त्यांचं शुल्क असतं आणि ते आनंदाने द्यावं. माणसाचा वेळ फुकट मागू नये. वोबानसारख्या वसाहतीत तर आणखी जपून वागा. ते लोकांचं राहतं घर आहे आणि वर्षानुवर्षं गट येऊन त्यांच्या खिडक्यांचे फोटो काढत आले आहेत. वीस जण एकत्र गल्लीत शिरू नका. मुलं खेळत असतील तिथे कॅमेरा खिशात. माणसाचा चेहरा येत असेल तर आधी विचारा.

पायरी ६ : निघण्याआधीचे दोन आठवडे

माझ्या मते संपूर्ण दौऱ्यातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि ती टाळण्याचा मोह सगळ्यांना होतो.

निघण्याआधी सलग चौदा दिवस प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या घरच्या नोंदी ठेवायच्या. रोज ठरल्या वेळी विजेच्या मीटरचं वाचन. अंघोळीला, भांड्यांना, कपड्यांना किती पाणी लागलं, हे बादल्या मोजून. कचरा तीन पिशव्यांत : ओला, पुन्हा वापरात जाणारा, उरलेला, प्रत्येक पिशवीचं रोजचं वजन. प्रवास किती किलोमीटर आणि कशाने. घरात माणसं किती, हे वर लिहायचं, नाहीतर तुलना होत नाही.

हे आकडे घेऊन निघालेला विद्यार्थी परदेशात वेगळ्या नजरेने बघतो. कुणी सांगितलं की एका चांगल्या निष्क्रिय घराला, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या आणि फारसं तापवावं न लागणाऱ्या घराला, उष्णतेसाठी वर्षाला दर चौरस मीटरमागे १५ युनिटपेक्षा जास्त लागत नाहीत, की तो लगेच मनात गुणाकार करतो : शंभर चौरस मीटरचं घर, म्हणजे वर्षाला दीड हजार युनिट. आमच्याकडे कशावर किती जातात? आकडा त्याच्या ओळखीचा होतो.

याच काळात दोन गणितं वर्गात सोडवून घ्या. पहिलं शॉवरचं. मिनिटाला दहा लिटर पाणी, दहा मिनिटं, पाणी १० अंशांवरून ४० अंशांवर न्यायचं : साडेतीन युनिट ऊर्जा लागते. दुसरं पवनचक्कीचं. कोपनहेगनच्या बंदराबाहेर २००० साली उभ्या राहिलेल्या मिडलग्रुंडेनमध्ये प्रत्येकी २ मेगावॅटच्या २० पवनचक्क्या आहेत, मिळून ४० मेगावॅट. वर्षाचे ८,७६० तास गुणले तर साडेतीन लाख मेगावॅट-तास होतात. प्रत्यक्षात मात्र साधारण पाव हिस्सा मिळतो, कारण वारा सदा पूर्ण जोरात वाहत नाही. पाटीवरचा आकडा आणि हाती येणारी वीज यांतलं अंतर हे गणित कायमचं लक्षात आणून देतं. या पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यातल्या निम्म्या सहकारी संस्थेच्या होत्या आणि तिचे आठ हजारांहून जास्त सभासद होते, हेही तेव्हाच सांगा.

डेन्मार्क असा का झाला, यावर एक तास इतिहासाला द्या. १९७३ च्या तेलसंकटात या देशाची नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा तेलावर होती. रविवारी गाड्या बंद ठेवायची वेळ आली होती. १९७९ मध्ये उष्णता पुरवठ्याचा कायदा झाला आणि शहरं सामायिक तापनळांकडे वळली. हे समजलं नाही तर विद्यार्थ्यांना वाटतं की तिथली माणसंच जात्या शहाणी आहेत.

सामान

थोडक्यात सांगते. एकाच बॅगेत मावेल तेवढंच. पाऊस अडवणारं जाकीट, एकावर एक घालता येतील असे कपडे, पाण्याची बाटली, झाकणाचा डबा, कापडी पिशवी. डेन्मार्क-जर्मनीत २३० व्होल्टचा पुरवठा आहे आणि गोल दोन पिनांचा प्लग चालतो. तुकडीमागे एक सामान तोलायचा टांगता काटा, एक मोजपट्टी, एक तापमापक. जाड पुठ्ठ्याची नोंदवही. पावसात फोनवर टिपणं घेणं जमत नाही.

पायरी ७ : तिथे राहायचं कसं

हॉटेल नको. स्वयंपाकघर असलेलं वसतिगृह बघा. पाळीपाळीने तुकडीने बाजारहाट करायचा, रांधायचं, भांडी घासायची, कचरा वेगळा करायचा. पाहुणा म्हणून ज्या गोष्टी दिसत नाहीत त्या इथे दिसतात.

डेन्मार्कमध्ये घरातला कचरा दहा प्रकारांत वेगळा होतो आणि देशभर डब्यांवर सारखीच चित्रं असतात. पहिल्या दिवशी गोंधळ होईल, होऊ द्या. जर्मनीत डब्यांचे रंग शहरागणिक बदलतात, त्यामुळे वसतिगृहातल्या माणसाला विचारा. काचेच्या बाटल्या पांढऱ्या, तपकिरी, हिरव्या अशा वेगळ्या टाकायच्या आणि रविवारी किंवा रात्री टाकायच्या नाहीत, कारण आवाजाने शेजाऱ्यांना त्रास होतो. बाटली-डब्यांवर अनामत रक्कम असते. डेन्मार्कमध्ये आकार आणि प्रकारानुसार १, १.५ किंवा ३ क्रोन. जर्मनीत एकदाच वापरायच्या बाटलीवर किंवा कॅनवर २५ सेंट. दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली घातली की पावती येते. प्रत्येक तुकडीने किमान एकदा हे करून बघावं आणि यंत्राशी रांगेत उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं. काही लोक इतरांनी टाकलेल्या बाटल्या गोळा करून त्यावर हातखर्च भागवतात. चांगल्या व्यवस्थेच्या कडेला कोण उभं आहे, हे त्या रांगेत कळतं.

सायकल भाड्याने घ्यायचीच. पण कोपनहेगनचे सायकलरस्ते बागेतल्या वाटा नव्हेत. सकाळी आठला तिथे कामावर निघालेल्यांचा वेगवान प्रवाह असतो. आदल्या संध्याकाळी शांत रस्त्यावर सराव घ्या. उजवीकडून चालवायचं, मागून पुढे जाणारे डावीकडून जातात. थांबण्याआधी हात वर करायचा. डावीकडे वळताना चौक सरळ ओलांडून पलीकडे थांबायचं आणि मग वळायचं. चौकातून तिरपं कापणं नियमात बसत नाही. अंधारात पुढे-मागे दिवे सक्तीचे. शिरस्त्राणाची मोठ्यांना सक्ती नाही, पण गटासाठी ती आपण करावी. पायी चालताना सायकलीच्या पट्ट्यात उभं राहू नये, फोटोसाठी तर मुळीच नाही.

दिवसाची घडी अशी : सकाळी एकच ठरलेली भेट, दुपारी मोजणी, संध्याकाळी तासभर लिखाण. मोजणी म्हणजे काय? एका चौकात सकाळी आठ ते सव्वाआठ उभं राहून सायकली, गाड्या, पायी जाणारे, बस मोजायच्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा. रस्त्याची रुंदी मोजून त्यातला किती भाग कुणासाठी आहे ते लिहायचं. कोपनहेगनच्या नॉरेब्रोगाडे या रस्त्यावर ताशी वीस किलोमीटरने सायकल चालवली तर सिग्नल ओळीने हिरवे मिळतात, अशी त्यांची वेळ बसवलेली आहे. विद्यार्थ्यांनी ते स्वतः चालवून, घड्याळ लावून तपासावं. वसतिगृहाच्या व्यवस्थापकाने मीटर दाखवला तर रोजचं वाचन घ्यावं आणि घरच्या वाचनाशेजारी लिहावं.

दौऱ्याच्या मध्ये एक दिवस पूर्ण रिकामा ठेवा. थकलेलं मन पाहिलेलं विसरतं.

पायरी ८ : जे जमलं नाही, तेही बघा

अभ्यासदौऱ्याचा कस इथे लागतो. कोपनहेगनने २०१२ मध्ये ठरवलं होतं की २०२५ पर्यंत शहर कार्बन-तटस्थ करायचं, म्हणजे जितका कार्बन सुटेल तितका भरून काढायचा. २०२२ मध्ये शहराला जाहीर करावं लागलं की ते साधणार नाही. एक मोठं कारण अमागर बाकेचं : हा कचरा जाळून वीज आणि उष्णता देणारा प्रकल्प, ज्याच्या उतरत्या छपरावर बर्फाविना स्कीइंग करता येतं. धुरातला कार्बन पकडण्याची योजना तिथे पैशांअभावी वेळेत उभी राहिली नाही. शिवाय भट्टी चालू ठेवायला कचरा लागतो आणि तो परदेशातूनही आणला गेला आहे. छपरावरचा देखावा सुंदर आहे, तिथे जरूर जावं. पण वर उभं राहून विद्यार्थ्यांना विचारा : कचरा कमी झाला तर या भट्टीचं काय होईल?

साम्सोचंही तसंच. वाऱ्यापासून जास्तीची वीज मुख्य भूमीला पाठवली जाते आणि तिच्या बदल्यात बेटावरच्या गाड्या आणि बोटींनी जाळलेलं इंधन वजा केलं जातं. हिशेब चुकीचा नाही, पण तो कसा मांडलाय हे कळायला हवं. कामिकात्सुने २००३ मध्ये २०२० पर्यंत कचरा शून्यावर आणायचं जाहीर केलं होतं. ते सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोचलं. उरलेल्या कचऱ्यात अशा वस्तू आहेत ज्या कुणालाही वेगळ्या करता येत नाहीत, कारण त्या तशाच बनवल्या जातात. माझ्या लेखी कामिकात्सुची ही अडचण त्याच्या यशापेक्षा जास्त शिकवून जाते : गावाने काय करायचं आणि कारखान्याने काय करायचं, याची सीमा तिथे स्पष्ट दिसते.

प्रत्येक यजमानाला हे पाच प्रश्न विचारायचेच : सुरुवातीला पैसे कुणी घातले? विरोध कुणी केला आणि का? काय फसलं? दुरुस्ती आणि देखभाल कोण करतं? आज पुन्हा सुरू केलंत तर काय वेगळं कराल? पहिल्या भेटीत विद्यार्थी लाजतात. तिसऱ्या भेटीपर्यंत यजमान त्यांच्याकडे पुढे सरकून बोलू लागतो.

सुरक्षितता आणि पैसा

दहा विद्यार्थ्यांमागे किमान एक शिक्षक. ११२ हा आपत्कालीन क्रमांक संपूर्ण युरोपीय संघात चालतो. तो आणि वसतिगृहाचा पत्ता प्रत्येकाच्या खिशात कागदावर लिहिलेला हवा. गट वेगळा झाला तर कुठे भेटायचं, हे रोज सकाळी ठरवा. अंदाजपत्रकात यजमानांचं मानधन, दुभाषा आणि एक दशांश राखीव रक्कम धरा. एखाद्या विद्यार्थ्याला खर्च झेपत नसेल तर ते गटात कुणाला कळू न देता सोडवण्याची व्यवस्था पहिल्या दिवशीच करा. फक्त पैसेवाल्या घरांतली मुलं गेली तर अभ्यास अपुरा राहतो, कारण कमी साधनांत राहायची सवय असलेल्यांना तिथल्या गोष्टी जास्त बारकाईने दिसतात.

पायरी ९ : परतल्यावर

पहिला आठवडा काही लिहायला सांगू नका. दुसऱ्या आठवड्यापासून पुन्हा चौदा दिवस तीच नोंद : वीज, पाणी, कचरा, प्रवास. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा तक्ता करा. काहींचा आकडा बदललेला नसेल. त्यांनी ‘का नाही’ हे लिहावं. बहुतेक वेळा उत्तर असतं की घरात निर्णय त्यांच्या हाती नाही, किंवा बस येतच नाही. अशी दोन-चार उत्तरं अख्ख्या अहवालाचं मोल वाढवतात.

अहवालात प्रत्येक गोष्टीचे दोन भाग करा : यंत्र आणि व्यवस्था. पवनचक्की हे यंत्र, शेजाऱ्यांना हिस्सा देणं ही व्यवस्था. डेन्मार्कमध्ये २००८ च्या कायद्याने नव्या पवनचक्कीतला किमान २० टक्के हिस्सा आसपासच्या रहिवाशांना देऊ करणं काही वर्षं बंधनकारक होतं. सायकलरस्ता हे यंत्र, सिग्नलची वेळ ही व्यवस्था. यंत्र विकत मिळतं. व्यवस्था उभी करायला बैठका लागतात. मग प्रत्येक तुकडीने एकच, छोटी, स्वतःच्या हातातली व्यवस्था निवडावी : वसतिगृहातल्या कचऱ्याचं रोजचं वजन फलकावर लावणं, प्रयोगशाळेतली उपकरणं रात्री बंद करण्याची पाळी, दुरुस्तीसाठी महिन्यातून एक दुपार. जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख कागदावर हवी.

यजमानांना आभाराच्या पत्रासोबत अहवालाची प्रतही पाठवा, आणि त्यांच्याविषयी जे टीकात्मक लिहिलं आहे ते गाळू नका. आमच्या एका यजमानाने उलट टपाली तीन चुका दुरुस्त करून पाठवल्या होत्या आणि चौथ्या मुद्द्यावर लिहिलं होतं की हे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. सहा महिन्यांनी पुन्हा चौदा दिवसांची नोंद घ्या. पुढच्या दौऱ्याची तारीख ती नोंद हाती आल्यावरच ठरवा.